बनरॅटीचा भाता

आयर्लंडच्या आठ दिवसांत डब्लिन पाहिलं, गॉलवे पाहिलं, मोहरच्या कड्यांवर भिजलो. लिहावंसं वाटतंय ते बनरॅटीतल्या लोहाराच्या भट्टीबद्दल, आणि तिच्यासाठी आमच्या सहलवाल्यांनी वेळच ठेवला नव्हता. १५व्या शतकातल्या किल्ल्याला दीड तास. शेजारी १९व्या शतकातलं खेडं उभं केलंय, ते म्हणे धावत बघून घ्या! याचा मला अजूनही राग आहे.

भट्टीत अंधार होता. डोळे सरावले तशी एकेक वस्तू ओळखीची निघाली. भाता, ऐरण, घण, सांडशी, नाल, तापलेलं लोखंड विझवायची पाण्याची डोण. पावसाळ्याआधी मी आजोबांबरोबर फाळ पाजवायला जायचो, तेव्हा भात्याची साखळी माझ्या हातात असायची. अनोळखी होती ती श्लॉन: दलदलीतलं पीट जळणासाठी कापायची, कडेला पंखासारखं पातं असलेली अरुंद कुदळ.

दाराशी इथल्याच, क्लेअर परगण्यातले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. वडील लोहार होते, म्हणाले. गाडीच्या चाकावर लोखंडी पट्टा कसा चढवत, ते त्यांनी हातवारे करून दाखवलं. पट्टा चाकापेक्षा किंचित लहान करायचा, बाहेर पीटच्या जाळात लाल तापवायचा, फुगला की चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचं. आवळताना तो सगळे सांधे घट्ट करतो. आम्ही त्याला धाव म्हणतो, मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग डोणीकडे बोट दाखवून म्हणाले, हातावर चामखीळ आली की आई याच पाण्यात हात बुडवायला लावायची.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५०,००० शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गावची माहिती वह्यांत उतरवली. गावातली भट्टी हा त्यातला नेमून दिलेला विषय. या गृहस्थांच्या थोरल्या बहिणीने तेव्हा वडिलांच्याच भट्टीवर लिहिलं होतं: किती दारं, छप्पर कसलं, भाता कोणी बनवला. ते सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.

बसने दोनदा हॉर्न दिला. ते ऐरणीवर हात ठेवून भात्याबद्दल सांगत होते. मी जागचा हललो नाही.