आज पिल्लं उडाली
आज सकाळी पावणेसातला शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचं दुसरं पिल्लूही उडालं. आधी समोरच्या सोनमोहरावर धडपडलं, मग आईच्या हाकेमागे निघून गेलं. माझा चहा गार झाला, पण मी ते पाहिलं!

मुलुंडच्या आमच्या ग्रीलमध्ये मनीप्लँटच्या वेलाला लोंबणारं हे घरटं मादीने एकटीने विणलं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, आणि दारावर इवलीशी पडवी. चोचीने जाळी गुंडाळून नेताना तिला तासन् तास बघत बसावंसं वाटायचं. तिला ती लागतात हे कळल्यापासून सासूबाईंनी खिडकीतली कोळिष्टकं काढू दिली नाहीत. पाडव्याच्या साफसफाईतही तो कोपरा तसाच.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, तरी औषध फवारलं नाही. मोठे शिंजीर मध पितात, पण पिल्लांना भरवतात ते किडे आणि कोळीच. मग काय, ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. नरही भरवायला यायचा, हे मला नवीन होतं.

संध्याकाळी वेलाला पाणी घालताना हात आपोआप हळू झाला. घरटं काढलेलं नाही. सासूबाई मघापासून दोनदा डोकावून आल्यात.