आमची वाटचाल: खाली मुद्रकाचं नाव हवंच

भायखळ्याच्या एका गल्लीत १९७४ साली आमचा छापखाना सुरू झाला. एक जुनी ट्रेडल, म्हणजे पायानंही चालणारं छपाईचं मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या केसेस, एक कटिंग मशीन आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. मालवणाकडून मुंबईला आलेले अण्णा त्याआधी गिरगावातल्या एका प्रेसमध्ये जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे होते. जावजी दादाजींचा नावाजलेला निर्णयसागर छापखाना त्याच भागातला. त्यांच्या खिळ्यांचं वळण सरस की दुसऱ्या कुणाच्या, यावर डबा खाताना जुळाऱ्यांचे वाद रंगत. अण्णा मात्र वादात पडत नसत. डबा संपवून उठायचे.

कामं साधीच होती. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, सार्वजनिक गणेशोत्सवाचे अहवाल, बिलबुकं. कागद कापताना उरलेल्या पट्ट्यांच्या आम्हा दोघी बहिणींना कच्च्या वह्या मिळायच्या. त्यांत एक पान गुलाबी, पुढचं पिवळं, मध्येच एक पोपटी. शाळेत मुली हसायच्या आणि मधल्या सुट्टीत त्याच मुली एकेक पान मागायच्या. वह्या शिवायचं काम अण्णा घरी, रात्री जेवणं झाल्यावर करत. दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन बसायचे, समोर आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायची. गणपतीच्या आधीचे दिवस सोडले तर संध्याकाळी सातनंतर छापखाना उघडा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो. धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि आमची अर्धी गिऱ्हाइकी त्यांच्यातलीच. लग्नं तरी कुठं थांबतात? पत्रिका उधारीवर छापल्या. त्यातली बरीच उधारी कधी वसूल झाली नाही, कारण वसुलीला जाऊन आवाज चढवणं अण्णांना जमायचं नाही. त्यांच्या शांत स्वभावाचं आज सगळे कौतुक करतात, पण महिन्याच्या शेवटी आईची जी ओढाताण व्हायची ती मी पाहिली आहे.

छपाईच्या धंद्यात एक जुना दंडक होता. १८६७च्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. हँडबिलाच्या तळाशी बारीक टायपात जी ओळ असायची, ती हीच. बरेच जण ती गाळायचे, आणि लग्नपत्रिकेवर ती नसली तर कोण विचारतंय? पण अण्णांनी त्या ओळीचं वेगळंच काम करून घेतलं. मजकूर वाचून झाला की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘खाली आमचं नाव येईल हां.’ ज्याला ते चालायचं नाही त्याचा कागद परत.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत हे रोजचंच झालं. गल्लीच्या एका टोकाला हिंदू वस्ती, दुसऱ्या टोकाला मुसलमान, मध्ये आम्ही. दोन्हीकडून माणसं यायची, हातानं लिहिलेला मजकूर घेऊन. अमक्याकडे हत्यारं आली आहेत, तमक्या ठिकाणी बायकांना उचलून नेलं. पैसे रोख, नेहमीपेक्षा जास्त. मुद्रकाचं नाव मात्र नको. अण्णा सगळ्यांना बसवून चहा द्यायचे, मजकूर पूर्ण वाचायचे आणि घडी घालून परत करायचे. एकजण जाताना म्हणाला, ‘अण्णा, तुमच्या मशीनचं काही बरंवाईट झालं तर?’ अण्णा म्हणाले, ‘मशीन जुनीच आहे.’

मग त्यांनी स्वतःच एक पत्रक काढायचं ठरवलं. गल्लीतल्या एका शाळामास्तरांनी मजकूर लिहून दिला. बंधुभाव, मानवता, शहराचा वारसा असं बरंच होतं. अण्णांनी ते सगळं काढलं. उरलं ते एवढंच: दूध सकाळी कुठं मिळेल, रेशनचं दुकान कधी उघडेल, कालच्या अफवांपैकी कोणत्या खोट्या निघाल्या, आणि रात्री-अपरात्री दार वाजवलं तर उघडतील अशा दोन्ही समाजांतल्या माणसांची नावं, खोली नंबरासकट. मराठी आणि हिंदी मजकूर त्यांनी स्वतः जुळवला. उर्दूचे खिळे आमच्याकडे नव्हतेच. तेव्हा उर्दू मजकूर कातिब हातानं लिहीत. आमच्या ओळखीचे एक कातिबचाचा होते. त्यांनी बोरूनं मजकूर लिहून दिला, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा होता, पण ब्लॉकवाला दुकान उघडेना. शेवटी त्यानं अण्णांना घरी बोलावून घेतलं आणि काम करून दिलं. संचारबंदीत कागदाची दुकानं बंद, म्हणून पत्रक निघालं लग्नपत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कागदावर. वीज गेली तेव्हा अण्णांनी पायानं ट्रेडल चालवली, मी कागद लावत होते. तळाशी मुद्रकाचं नाव होतंच, पण या खेपेला नेहमीपेक्षा एक पॉइंट मोठ्या टायपात.

त्या पत्रकानं किती फरक पडला हे कसं मोजणार? लोक दुधाला त्या ठिकाणी गेले एवढं खरं. दंगलीनंतर मुंबईत दोन्ही समाजांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्यामागे तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस आयुक्त जुलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी माणसं होती. आमच्या भागातल्या बैठकांना अण्णा नेमानं जायचे. भाषण कधी केलं नाही. सतरंजी घालायचे, आणि दोघंजण हमरीतुमरीवर आले की मध्ये जाऊन बसायचे.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. संगणकावर मजकूर जुळवणारं डीटीपी आलं, खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं, खिळे वितळवायला वजनावर गेले. मी धंद्यात उतरले, बहिणीनं हिशेब हातात घेतले. औषधांची खोकी आणि लेबलं हे आता आमचं मुख्य काम आहे, लग्नपत्रिका हंगामापुरत्या. करोनाच्या आदल्या वर्षी अण्णा गेले.

तो १८६७चा कायदाही आता गेला, २०२३चा नवा आला. निवडणुकीच्या पत्रकांना मात्र १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-क कलम लागू आहे: मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं हवीत, प्रकाशकाचं दोन साक्षीदारांसह प्रतिज्ञापत्र हवं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी ‘तेवढं नाव गाळा हो’ म्हणत येतंच. मोठी ऑर्डर परत पाठवताना जीव खालीवर होतो, खोटं कशाला बोलू. पण कलम नसतं तरी आम्ही ती पाठवलीच असती, आणि बहीण हिशेबाच्या वहीवरून मान वर न करता ‘पाठव’ म्हणाली असती.

उर्दू मजकूर अजूनही कातिबचाचांच्या घरूनच येतो. बोरू गेला, त्यांचा नातू संगणकावर सेटिंग करतो. काम सुबक असतं. फक्त प्रूफ वेळेवर देत नाही, आणि त्यावरून आमचं दर लग्नसराईत भांडण होतं.