पासवर्ड बरोबर, तरी बाहेरच

माझा लिनक्सवाला लॅपटॉप इतका जुना आहे की तो मी सहसा बंदच करत नाही, नुसतं झाकण लावतो, कारण एकदा बंद केला की चालू व्हायला इतका वेळ घेतो की कशासाठी चालू करत होतो तेच विसरायला होतं. परवा मात्र अपडेटनंतर रीस्टार्ट करावा लागला आणि तिथेच घात झाला. लॉगिन स्क्रीन आली, पासवर्ड टाकला, एंटर मारलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच लॉगिन स्क्रीन, जणू काही घडलंच नाही.

आधी आपण स्वतःवरच संशय घेतो. कॅप्स लॉक बघितलं, कीबोर्डची भाषा बघितली, एकेक अक्षर मोजून टाइप केलं. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तर लगेच मेसेज, पासवर्ड चुकलाय म्हणून! म्हणजे मी कोण ते याला पक्कं माहितीये. चुकीच्या माणसाला निदान उत्तर तरी मिळतं, बरोबर माणसाला उंबऱ्यापर्यंत नेऊन गुपचूप मागे फिरवायचं, हे जास्त लागतं मनाला.

शेवटी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबलं. काळी स्क्रीन, त्यावर 'लॉगिन' एवढा एकच शब्द. खिडक्या-आयकॉन नसलेल्या या नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनला टीटीवाय म्हणतात, टेलिटाइपरायटर या जुन्या यंत्राचं नाव अजून चिकटून राहिलंय. इथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं कीबोर्ड मेला. पण मला पहिल्याच फटक्यात आत घेतलं. म्हणजे खातं ठणठणीत होतं, दुखणं डेस्कटॉप सुरू होण्याच्या आसपास कुठेतरी होतं.

डिस्क भरली तरी नेमकं असंच होतं, डेस्कटॉपला स्वतःच्या बारीकसारीक फाइली लिहायला जागा मिळत नाही आणि तो सुरू होता होताच कोसळतो. म्हणून आधी जागा बघितली. भरपूर होती. (जरा निराशाच झाली, कारण तो उपाय मला येत होता.) मग होम, म्हणजे माझ्या स्वतःच्या, फोल्डरमधल्या लपलेल्या, म्हणजे नावाआधी डॉट असलेल्या फाइलींची यादी काढली, आणि सगळीकडे मालक म्हणून माझं नाव असताना एका ओळीत 'रूट' दिसलं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं सिस्टिमचं मुख्य खातं. फाइल कोणती, तर एक्सऑथॉरिटी.

ही फाइल म्हणजे आत वावरायचा पास. लॉगिन झालं की १२८ बिटची एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती या फाइलीत ठेवली जाते, मग प्रत्येक प्रोग्रॅम ती दाखवून स्क्रीनवर खिडकी उघडतो. त्या किल्लीचं अधिकृत नाव चक्क 'मॅजिक कुकी' आहे, हे मी बनवून सांगत नाहीये. आता फाइल रूटची झाल्यावर माझ्या नावाने नवी किल्ली तिच्यात लिहिता येईना, मग कसली खिडकी नि कसलं काय.

आणि हे केलं कोणी? फाइलीवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. त्या दिवशी एक खिडकीवाला प्रोग्रॅम परवानगी नाही म्हणून कुरकुरत होता, तर मी वैतागून सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवला होता. त्यानंतर तीन आठवडे फक्त झाकणच लावत आलो, नवं लॉगिन झालंच नाही, म्हणून दुखणं कळलं नाही. बिचाऱ्या अपडेटला मी अर्धा तास शिव्या घालत होतो.

आता फाइल रूटची, म्हणजे हलवायला परत सुडोच लागणार असं वाटलं. पण नाही. लिनक्समध्ये फाइलीचं नाव बदलायला किंवा ती काढून टाकायला फाइल तुमच्या मालकीची असावी लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यात लिहायची परवानगी लागते. सामान रूटचं, पण घर माझं! साध्या माझ्या नावानेच फाइलीला शेपटीला 'जुनी' असं जोडलं, कंट्रोल, ऑल्ट, एफ ७ दाबून लॉगिन स्क्रीनवर आलो आणि पासवर्ड टाकला. स्क्रीन परत काळी झाली, या वेळी नेहमीपेक्षा जास्तच वेळ वाटली मला, आणि मग हळूहळू, एकेक आयकॉन करत, डेस्कटॉप आला.

ती 'जुनी' फाइल अजून तिथेच आहे, रूटच्या नावावर.