भावाबरोबर गृहकर्ज घेताना: माझा अनुभव

आई-बाबांना आता जिने चढवत नाहीत, म्हणून दादाने आणि मी मिळून मोठं घर घ्यायचं ठरवलं. दोघांपैकी कुणा एकाच्या उत्पन्नावर तेवढं कर्ज मिळत नव्हतं. माझी नोकरी, हप्ते कायम वेळेवर. दादाचा व्यवसाय, कमाई माझ्यापेक्षा जास्त, पण क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आधीची कर्जं आणि कार्डांची बिलं कशी फेडली त्याच्या नोंदींवर, डाग. पहिल्या बँकेने नकार दिला आणि कारण एका ओळीत सांगितलं: सहअर्जदाराचा स्कोअर (त्या रिपोर्टवरून ठरणारा आकडा) कमी.

दोन अर्जदार असले की बँक सरासरी काढते, असं बरेच जण धरून चालतात. काही बँका काढतातही. पण काही ठिकाणी दोघांतला कमी स्कोअर धरतात, तर काही ठिकाणी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या स्कोअरला वजन असतं. म्हणून अर्ज भरण्याआधीच हे तोंडी विचारून घ्यावं. अर्जानंतर बँक रिपोर्ट मागवते, त्या चौकशीची नोंद होते, आणि थोड्या काळात बऱ्याच ठिकाणी अर्ज केले तर तेही नडू शकतं. आपला रिपोर्ट आपणच काढला तर स्कोअरला काही होत नाही. आम्ही तेच आधी केलं.

दादा आधी दाखवायलाच तयार नव्हता. धाकट्या बहिणीपुढे हे कागद ठेवणं त्याला जड जात होतं. मी माझा रिपोर्ट आधी त्याच्या हातात दिला, मग त्याने त्याचा काढला. आम्ही एकेक खातं बोट ठेवून वाचत गेलो. एका कार्डासमोर महिन्यामागून महिना थकबाकी दिसत होती. ते कार्ड त्याने बंद करायला सांगितलं होतं आणि कात्रीने कापूनही टाकलं होतं. पण खातं बंद झालंच नव्हतं. वार्षिक शुल्क लागलं, त्यावर दंड आणि व्याज चढत गेलं. दुसरी नोंद मित्राच्या कर्जाची. दादा त्याला जामीन राहिला होता, मित्राचे हप्ते चुकले आणि ते दादाच्याही रिपोर्टवर उमटले. हे वाचल्यावर माझा जीव हलका झाला. त्याने कुणाचे पैसे बुडवले नव्हते.

कार्डाच्या वसुलीवाल्यांनी कमी रकमेत मिटवून टाका म्हणून सुचवलं. आम्ही ते घेतलं नाही, कारण अशी तडजोड रिपोर्टवर तडजोड म्हणूनच दिसते आणि पुढच्या बँकेला ती खटकते. बंद करायला सांगितल्याची ईमेल दादाकडे होती, ती दाखवल्यावर दंड माफ झाला. उरलेली रक्कम पूर्ण भरली, ‘काही बाकी नाही’ असं पत्र लेखी घेतलं आणि रिपोर्टवर खातं बंद दिसेपर्यंत पाठपुरावा केला. मित्राने त्याची थकबाकी भरली, तरी उशिराची नोंद राहिलीच. पैसे घेऊन खरी नोंद पुसून देतो म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. आम्ही घडलेलं सगळं एका पानावर लिहून, पुराव्यासह अर्जाला जोडलं. तिसरी गोष्ट सोपी निघाली. दादा धंद्याची खरेदी कार्डावर करायचा, त्यामुळे बिल तयार होताना मर्यादा जवळजवळ भरलेली दिसायची. बिलाच्या तारखेआधीच पैसे भरून वापर मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवला, आणि स्कोअर वर सरकू लागला.

दरम्यान कुणीतरी सुचवलं की कर्ज एकट्या माझ्या नावावर घ्या, दादा मागून पैसे देईल. ते मला पटलं नाही. त्याचं उत्पन्न धरलं गेलं नसतं आणि परतफेडीची सगळी जबाबदारी माझ्यावर आली असती. सहकर्जदार झालो तरी जबाबदारी निम्मी-निम्मी होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं: एकाने थांबवलं तर बँक पूर्ण कर्ज दुसऱ्याकडे मागू शकते, आणि चुकलेला हप्ता दोघांच्याही रिपोर्टवर जातो. घरातला मालकीचा वाटा ही त्याहून वेगळी बाब. म्हणून वकिलाकडून करार करून घेतला. कुणी किती भरलं त्याप्रमाणे वाटा, कुणाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची, कुणाचं बरंवाईट झालं तर हप्ते कोण भरणार. वहिनीला आम्ही पहिल्या बैठकीपासून बरोबर घेतलं. नात्यात अविश्वास कशाला दाखवायचा, असं बाबा म्हणाले. दादानेच त्यांना समजावलं.

दुसऱ्या बँकेत जाताना आम्ही स्वतःची रक्कम जास्त घातली आणि कर्ज कमी मागितलं. मंजुरी मिळाली. माझ्या एकटीच्या स्कोअरवर मिळाला असता त्याहून दर थोडा जास्त आहे. दादाचा रिपोर्ट सुधारल्यावर तो कमी करण्यासाठी अर्ज करणार आहोत. हप्ता संयुक्त खात्यातून आपोआप जातो. दादाची येणी कधीकधी लांबतात, म्हणून त्याच्या वाट्याचे काही हप्ते त्याने त्या खात्यात आगाऊच भरून ठेवले आहेत.