दार उघडं असलेली टॅक्सी

रोटरी टूल, म्हणजे टोकाला छोटं पातं गरगर फिरवणारं हातातलं मशीन, घरात येऊन दीड वर्ष होईल आता, पण आईचं मत अजून बदललेलं नाही, तिच्या मते मी बाल्कनीत दातांचा दवाखाना काढलाय. तिचं काही चूक नाही म्हणा. मशीन सुरू केलं की तोच किर्रर्र आवाज येतो, खुर्चीत मागे रेलून तोंड उघडं ठेवलेलं असताना येतो तो, आणि आतल्या खोलीत टीव्ही बघत बसलेली आई आपोआप गालावर हात ठेवते.

गंमत म्हणजे मी वापरतो ते बर, म्हणजे मशीनच्या टोकाला लावायची ती छोटी फिरती पाती, खरंच दातांच्या डॉक्टरचेच आहेत. एक मित्र डेंटिस्ट आहे, झिजलेले बर तो टाकून देतो, त्याला म्हटलं टाकू नकोस, स्वच्छ उकळून-बिकळून मला दे. डॉक्टर हातात धरतात त्या सरळ हँडपीसच्या बरची दांडी 2.35 मिलिमीटरची असते, ती माझ्या मशीनच्या 2.4 च्या कॉलेटमध्ये, म्हणजे बर पकडणाऱ्या तोंडात, बरोबर बसते. दातासाठी बोथट झालेला बर प्लॅस्टिकला मात्र चांगलाच धारदार वाटतो. मशीन मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेलं, साधंच, पण सगळे त्याला ड्रेमेलच म्हणतात. ड्रेमेल ही खरं तर 1932 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी सुरू झालेली कंपनी, पण कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसंच हे.

आता मुद्द्यावर येतो. मला एक छोटी पद्मिनी टॅक्सी बनवायची होती. काळीपिवळी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची, वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या शेवटी ती पण रस्त्यावरून गेली, त्या दिवशी पेपरात फोटो बघून काहीतरी झालं मला, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका खेळण्यांच्या दुकानातून मागे ओढून सोडायची प्लॅस्टिकची पद्मिनी घेऊन आलो. बारा सेंटिमीटर लांब. खरी गाडी पावणेचार मीटरच्या वर, चारच्या आत, म्हणजे हिशेब केला तर साधारण 1:32. पण खेळण्यातली टॅक्सी कशी, सगळी दारं बंद, काचा बंद, एकदम शिस्तीत. स्टँडवरची टॅक्सी कधी अशी बघितलीये? ड्रायव्हरचं दार उघडं पाहिजे, एक पाय बाहेर, सीटच्या टेकूवर टॉवेल. तेवढं एक दार कापायचं, बस.

पहिलं दार मी कटिंग डिस्कने कापलं आणि अर्ध्या मिनिटात गाडी वाया घालवली. एक तर डिस्क जाते तिथून जवळजवळ मिलिमीटरभर प्लॅस्टिक खाऊन जाते. 1:32 मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत बत्तीस, दाराच्या फटीतून आख्खी बोटं आत जातील! आणि दुसरं म्हणजे ती कापत नव्हतीच, वितळवत होती. हे कळायला मला जरा वेळ लागला. मशीनवर 30,000 आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला पाचशे गिरक्या, आपल्याला वाटतं जेवढं जोरात तेवढं छान, पण हे प्लॅस्टिक शंभर अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि घासून तेवढी उष्णता व्हायला काही वेळ लागत नाही. मग कापलेल्या जागी मागे पुन्हा चिकटत जातं, कडेला शेवेसारखा वळ उठतो आणि बरवर प्लॅस्टिकचा गोळा, पाकात बुडवलेल्या काडीसारखा. वास तर विचारूच नका. दुसरी गाडी आणली, आईला सांगितलं नाही.

मग शिकलो. स्पीड सगळ्यात कमी, माझ्या मशीनवर 5,000 आहे, तो पण जास्तच वाटतो. बर लहान घ्यायचा, दोन मिलिमीटरचा गोल, कारण गिरक्या तेवढ्याच असल्या तरी लहान बरची कड हळू फिरते, घासायचा मोठा गोल ड्रम लावला की लगेच तापतं. आणि टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा. तवा तापलाय का बघायला आपण बोट टेकवून लगेच उचलतो ना, तेवढंच. आणि खरी गोष्ट अशी की दार मशीनने कापायचंच नाही. बाहेरून दाराची जी रेघ असते तिच्यावरून कटरच्या पात्याची उलटी बाजू ओढत राहायची, वीस वेळा, तीस वेळा, पातळ कुरळी साल निघत राहते. मशीनचं काम आतून. आतल्या बाजूने त्याच रेषेवर प्लॅस्टिक खरवडून पातळ करत जायचं.

किती पातळ? ह्यात मजा आहे. गाडीची भिंत मोजली तर दीड मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीत जवळपास पाच सेंटिमीटर जाडीचा पत्रा, पद्मिनी नाही, रणगाडा. बंद दाराला चालून जातं पण दार उघडलं की कड दिसते आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून कडा आतून तासायच्या, आणि मध्ये मध्ये मोबाईलचा टॉर्च आत धरून बाहेरून बघायचं. पिवळं छप्पर उजेडात आधी पेढ्यासारखं अपारदर्शक, मग हळदीच्या दुधासारखं, मग एकदम केशरी चमकायला लागतं, तिथे थांबायचं. काळ्या भागात मात्र उजेड येतच नाही, तिथे नखानेच दाबून अंदाज घ्यायचा, लवतंय का.

रविवारी दुपारी, छान चाललं होतं, खाली भंगारवाला ओरडला आणि मी मान वळवली. अर्धा सेकंद. बर उडाला आणि छपराच्या आतून नाचत गेला, जिथे गेला तिथे आरपार भोक, मसुराएवढं. बोट वाचलं, चष्मा होता म्हणून डोळे पण. (चष्मा लावाच, मास्क पण, ती पूड नाकात गेली तर दिवसभर प्लॅस्टिक हुंगत बसाल.) जे काढायला अर्धा सेकंद लागला ते भरायला चार संध्याकाळी. आतून टेप लावली, भोकात खायचा सोडा दाबून भरला, वरून पातळ सुपरग्लूचा थेंब, सोडा जागच्या जागी दगड होतो. मग कानस, मग पॉलिश पेपर, 400, 600, 1000, पाण्यात बुडवून. आई येऊन डबा बघून गेली, म्हणाली ढोकळ्याचा सोडा कुठे जातोय मला कळलं.

पावसात एक बरं असतं, हवेत ओल असल्यामुळे पूड हाताला तेवढी चिकटत नाही, थंडीत कोपरापर्यंत बर्फ पडल्यासारखा दिसतो मी. पण पावसात स्प्रे मारता येत नाही, रंग पांढुरका पडतो. त्यामुळे आता कुठे रंगली गाडी, दिवाळी उलटल्यावर.

दार शेवटी सुटलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं हातात आलं. बिजागरी पुढच्या बाजूला, तिथे तारेचा तुकडा, पाऊण उघडं ठेवून चिकटवलं. टॉवेल जुन्या गंजीफ्रॉकचा. ड्रायव्हर करायचा राहिलाय, एवढासा माणूस बसवणं मला अजून जमत नाही, तीनदा केला, तीनदा तो वाकूनच बसला.

गाडी टीव्हीशेजारी ठेवली. आईने चष्मा वर करून बराच वेळ बघितली, आत वाकून सुद्धा बघितलं.

म्हटलं, ड्रायव्हर अजून व्हायचाय.

ती म्हणाली, गेला असेल रे चहाला, म्हणून तर दार उघडं टाकून गेलाय.