ओहायोतला पूल आणि चोपड्याचं शेततळं

ओहायोतलं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात जमिनीवर उभा केलेला स्विमिंग पूल होता. आपल्याकडे पूल म्हटलं की खोदलेला, टाइल्स लावलेला हौद डोळ्यांसमोर येतो. हा प्रकार वेगळा. सपाट केलेल्या जागेवर पत्र्याची गोल भिंत उभी करतात, तळाला बारीक वाळूचा थर देतात आणि त्यावर विनाइलचं अस्तर अंथरतात. आमच्या पूलचा व्यास २४ फूट आणि पाणी ४ फूट. हिशेब केला तर साधारण ५१ हजार लिटर. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा आधी टँकरमध्ये दिसतो: दहा हजार लिटरचे पाच.

त्यामुळे गावाकडून फोन आला की हा प्रश्न येतोच. एवढं पाणी नुसतं पोहायला? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात पारोळा-अमळनेरकडे टँकरची वाट पाहणारी गावं मी पाहिलेली आहेत. पण पूलची डागडुजी करता करता एक गोष्ट मला पक्की कळली. नीट राखलेल्या पूलचं पाणी वर्षानुवर्षं बदलावं लागत नाही. पंप, फिल्टर, औषधं हा सगळा खटाटोप तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणूनच असतो. आणि या कामातलं निम्म्याहून अधिक ज्ञान आपल्या केळीवाल्यांकडे आधीपासून आहे.

सुरुवात अस्तरापासून झाली. जुनं अस्तर पाण्याच्या रेषेपाशी पांढरट आणि कडक झालं होतं, दाबलं तर लवत नव्हतं. अशा अस्तराला ठिगळं लावून फार काळ निभत नाही, म्हणून नवं मागवलं. त्याची जाडी २० मिल, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले वीस. ५०० मायक्रॉनच्या जरा वर. व्हिडिओ कॉलवर वडिलांना हा आकडा सांगितला.

"म्हणजे आपल्या तळ्याचाच कागद की," आप्पा म्हणाले.

जाडी तीच. शेततळ्याचा कागद एचडीपीई प्लास्टिकचा असतो आणि हा विनाइलचा, म्हणून जास्त मऊ. पण त्यानंतर आप्पांनी जे प्रश्न विचारले, ते इथल्या कुठल्याही माहितीपुस्तिकेइतकेच नेमके होते. खडे वेचले का? मुळ्या काढल्या का? लव्हाळा आहे का तिथं?

लव्हाळा होता. कपाशीत आणि केळीत ज्याने आपल्याला जेरीस आणलं त्याचाच पिवळ्या फुलांचा भाऊबंद इथेही उगवतो. त्याचा कोंब इतका टोकदार असतो की विनाइल भेदून सरळ पाण्यात डोकं काढतो. आम्ही पूलच्या कडेची माती खणून त्याच्या गाठी वेचून काढल्या. वरवर कापून उपयोग नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पाणी काढताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पहिली म्हणजे, पाण्यातलं क्लोरीन पूर्ण उतरू द्यायचं आणि मगच ते गवतावर सोडायचं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ते जाऊ द्यायचं नाही, कारण ते गटार थेट ओढ्याला मिळतं आणि क्लोरीनने मासे मरतात. दुसरी गोष्ट वाऱ्याची. पत्र्याची भिंत पाण्याच्या दाबानेच घट्ट उभी असते. रिकामा पूल जोराच्या वाऱ्यात कागदी खोक्यासारखा दुमडतो. म्हणून हवामान पाहून, शांत दिवस निवडून काम उरकलं.

अस्तर निघाल्यावर भिंतीचं खरं रूप दिसलं. स्किमरच्या भोवती गंज होता. स्किमर म्हणजे भिंतीतली छोटी खिडकी. वर तरंगणारा पालापाचोळा तिथून आत ओढला जातो. तिथलं रबरी गॅस्केट गेलं की पाणी अस्तराच्या मागे झिरपतं आणि पत्रा आतून खायला लागतं. तारेच्या ब्रशने घासलं, गंजविरोधक प्रायमर दिला, वर रंग दिला, गॅस्केट नवं बसवलं. वाळू फळीने आणि लेव्हलने पुन्हा सपाट केली. एका बाजूला इंचभर जरी उतार राहिला तरी पन्नासेक टन पाण्याचा जास्त जोर त्या बाजूच्या भिंतीवर पडतो. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे वाळूचा किंवा फोमचा तिरपा बांध घालावा लागतो, नाहीतर पाण्याच्या दाबाने अस्तर पत्र्याखालून बाहेर सरकतं.

अस्तर अंथरायला कडक ऊन हवं. उन्हाने विनाइल मऊ पडतं आणि सुरकुत्या हाताने सारता येतात. मग पाणी सोडायचं. स्किमरसाठी अस्तर कापायचं ते मात्र पाणी त्या खिडकीच्या खालपर्यंत चढल्यावरच. पाण्याच्या वजनाने अस्तर ताणलं जातं. आधी कापलं तर भोक जागेवरून सरकतं आणि नवं कोरं अस्तर वाया जातं. विजेचं काम आम्ही स्वतः केलं नाही. भिंत, पंप, बाकीचे धातूचे भाग हे सगळं उघड्या तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावं लागतं, म्हणजे ओल्या माणसाला दोन ठिकाणी विजेचा वेगवेगळा दाब लागून शॉक बसत नाही. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. मोटरीच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो आहोत, तिथे काटकसर नको.

आता फिल्टर. आमचा सँड फिल्टर आहे. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांनी तो पाहिलाच आहे: वाळू भरलेली टाकी, वर प्रेशर गेज, वरून गढूळ पाणी आत आणि खालून स्वच्छ बाहेर. वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची, सिलिकाची. स्वच्छ फिल्टरचं प्रेशर लिहून ठेवायचं आणि ते आठ ते दहा पीएसआयने चढलं, म्हणजे आपल्या किलोच्या भाषेत अर्धा-पाऊण किलोने, की बॅकवॉश. पाणी उलटं फिरवून घाण बाहेर काढायची, थोडा वेळ रिन्स करायचं आणि पुन्हा फिल्टरवर आणायचं. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद, नाहीतर आतलं सील फाटतं. एक गोष्ट मात्र ठिबकवाल्यांनाही नवी वाटेल. वाळू जरा मळलेली असली की फिल्टर उलट जास्त बारीक घाण पकडतो. म्हणून उगाच रोज बॅकवॉश करायचा नाही; त्यात पाणीही जातं. गेज सांगेल तेव्हाच.

रसायनांची भीती घरच्यांना सगळ्यात जास्त वाटते, आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात कमी माहिती आहे. गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात आणि मग ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं का ते बघतात. इथेही तेच चालतं, फक्त चाचणीत पाणी गुलाबी होतं. मोकळं क्लोरीन एक ते तीन पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग), पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवणारी पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम. यात पीएचला सगळे दुय्यम समजतात. पण क्लोरीनचा जो भाग जंतू मारतो तो पीएच साडेसातला साधारण निम्मा असतो आणि आठला जेमतेम पाव उरतो. म्हणजे पीएच चढला असेल तर तुम्ही कितीही पावडर ओता, बरंचसं क्लोरीन नुसतं पाण्यात बसून राहतं. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला आपण वापरतो तेच. नियमही तोच: ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. अल्कलिनिटी कमी पडली तर खायचा सोडा.

डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवी यांच्याशी संयोग झालेलं, दमलेलं क्लोरीन तो वास देतं, आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी क्लोरीनचा मोठा डोस. तो संध्याकाळी द्यायचा. उघड्या उन्हात, संरक्षण नसेल तर, तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन उडून जातं. ते टिकावं म्हणून सायन्यूरिक ॲसिड घालतात, ३० ते ५० पीपीएम. बाजारातल्या बहुतेक गोळ्यांमध्ये ते असतंच आणि प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात साठत जातं. खूप साठलं की क्लोरीनच मंदावतं, आणि मग थोडं पाणी काढून ताजं भरण्यापलीकडे सोपा इलाज उरत नाही. पाणी वाचवायचं असेल तर गोळ्यांवर विसंबू नये असं मला वाटतं. मी रोजच्यासाठी द्रवरूप क्लोरीन वापरते आणि गोळ्या आम्ही गावाला निघालो तरच. दोन प्रकारची क्लोरीन पावडर एकाच डब्यात, एकाच मापाने कधीही नाही. त्याने आग लागते, स्फोटही होतो.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डे झाला की बंद करायची तयारी. पंप आणि फिल्टर निथळून घ्यायचे, मधोमध हवेची उशी सोडायची, वर झाकण ताणून बांधायचं. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्के फुगतो. भिंतीवर येणारा तो ताण उशी थोडा झेलते. मेच्या अखेरीस पुन्हा उघडायचा. इथली मंडळी तोवर वाट पाहतात, आणि आमची आखाजी (अक्षय्य तृतीया) तोपर्यंत होऊन गेलेली असते.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहिण्यामागे कारण आहे. माझा चुलतभाऊ शेतावर कृषी पर्यटनासाठी पूल बांधतोय. आपल्याकडे आता लॉन्सवर, फार्महाऊसवर पूल दिसतात, आणि पाणी हिरवं झालं की ते ओतून देऊन बोअरचं नवं भरणं हा प्रकारही दिसतो. मला ते बघवत नाही. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ मरतं: भिंती-तळ घासा, संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस द्या, पंप रात्रंदिवस चालू ठेवा, गेज चढलं की बॅकवॉश. मेलेलं शेवाळ तळाला बसलं की ते मात्र फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढून टाका. पाणी परत नितळ होतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच ते तांबूस होतं. ते शेवाळ नव्हे, तिथे क्लोरीन वाढवून भागत नाही. भावाला मी सांगितलं, टाइल्सचा रंग नंतर ठरव, आधी पंप आणि फिल्टर पाण्याच्या मापाचे घे. आणि रात्री झाकण घाल. आपल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जे पाणी जातं त्यापुढे बॅकवॉशचं पाणी कमीच भरतं.

आणि कुंपण. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. आमच्या पूलची शिडी वापर संपला की उचलून, कुलूप लावून ठेवतो. कितीही दमलेलो असलो तरी. आपल्याकडे दर उन्हाळ्यात शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही कडेला येऊन वर चढू शकत नाही. तारेचं कुंपण तर हवंच, पण आत गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांना बांधून पाण्यात सोडलेले हवेत. आप्पांनी आमच्या तळ्याच्या चारही बाजूंना ते सोडलेत, आणि उन्हाने नायलॉन कुजतं म्हणून दर आखाजीला ते ओढून तपासतात, विरलेला असेल तर त्याच दिवशी बदलतात.