बर्फाआधीची गाडीची तयारी: माझा अनुभव

पारा शून्याकडे सरकायला लागला, तशी मी गाडी हिवाळ्यासाठी तयार करायला घेतली. ती मुळात ठणठणीत चालत होती, त्यामुळे करायचं काय, हाच प्रश्न होता. शेवटी ठरवलं, की जे मोजता येतं ते नुसतं बघून सोडायचं नाही.

पहिला नंबर बॅटरीचा. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. उणे १८ अंशांना साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावला, तर १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ तरी दाखवते. पहिल्या झटक्यात सुरू होणाऱ्या गाडीची ही स्थिती! चार्जर लावून पाहिला, आकडा चढला आणि पुन्हा उतरला. मग बदलूनच टाकली. नवी घेताना तिच्यावरचा सीसीए तेवढा नीट पाहिला. उणे १८ अंशांना ती सलग ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते तो आकडा सांगतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलाय त्याहून कमी घ्यायचा नाही.

कूलंटने, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने, मात्र चकित केलं. टाकी काठोकाठ, रंग हिरवागार. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंट किती थंडीत गोठेल ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर, थेंब टाकला, तर गोठणबिंदू उणे १५! पातळी कमी झाली की कुणी ना कुणी वरून पाणीच ओतत आलं असणार. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल, तर मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. मला वाटलं, मग नुसतं ग्लायकॉलच भरावं. पण ते एकटं उणे १३ च्या आसपासच गोठतं. म्हणून सगळं काढून निम्मं-निम्मं भरून घेतलं. हे काम इंजिन गार असतानाच करायचं आणि सांडलेलं लगेच पुसायचं. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते जहाल विष आहे.

टायरवर मेकॅनिकशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, पुढची दोन चाकं ओढतात, तिथेच हिवाळी टायर टाका, पैसे वाचतील. मला ते पटलं नाही. पुढची पकड पक्की आणि मागची ढिली असेल, तर वळणावर किंवा ब्रेक मारताना गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. चारही बदलले. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. घेताना बाजूवर तीन शिखरं आणि हिमकण असलेली खूण पाहून घेतली. जुन्यांची नक्षी मोजली, तर ३ मिलिमीटर. गोटा झाले नव्हते, पण बर्फासाठी निदान ४ हवी. हवेचं म्हणाल तर तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते, त्यामुळे थंडी वाढेल तशी पुन्हा तपासावी लागते, तीही टायर गार असताना.

बाकीची कामं किरकोळ. वायपरचं रबर बदललं, काच धुण्याच्या टाकीतलं पाणी काढून न गोठणारं द्रव भरलं, दारांच्या रबरांना सिलिकॉन लावलं. आतून काचेवर धुकं धरतं, त्यावर हीटरसोबत एसी चालू ठेवायचा. थंडीत एसी कशाला, असं वाटतं खरं, पण हवेतली ओल तोच काढतो. डिकीत फावडं, जंपर केबल आणि घोंगडी ठेवली. बर्फात अडकलो आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवायचं झालं, तर आधी सायलेन्सरचं तोंड फावड्याने मोकळं करायचं, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वासही नसतो.

पहिला बर्फ पडल्यावर रिकाम्या मैदानात गाडी नेली आणि हळू वेगात जोरात ब्रेक दाबला. एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, पेडल पायाखाली थरथरलं. दचकून पाय उचलावासा वाटतो, पण दाबूनच ठेवायचा. पुन्हा पुन्हा करून ती थरथर अंगवळणी पडली, तेव्हा रस्त्यावर आलो.